आधी घर शांत करू या

रेडिओ समोर ठेवा, पण अजून चालू करू नका. साधा ट्रान्झिस्टर चालेल. गाळ्यात ठेवलेला, बटणांवर तेलकट बोटांचे डाग पडलेला असेल तर तोच घ्या. सेल नवे घाला. विजेवर चालणारा सेट असला तरी आज तो सेलवरच चालवू, कारण विजेच्या वायरीतून काय काय आत येतं ते आपल्याला पाहायचं आहे. खुर्ची ओढून घ्या, खिडकी उघडी असेल तर असू द्या. स्टेशन शोधण्याची घाई आज नाही. स्टेशन आणि आपला कान यांच्या मध्ये काय काय उभं आहे, ते एकेक करून न्याहाळायचं आहे. त्याला संध्याकाळ लागली तर लागू द्या.

सगळ्यात आधी एवढंच मनात धरा की जे ऐकायचं आहे ते खोलीत येऊन पोचलेलं आहे. मी साताऱ्यात राहतो. आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यम लहरींवर 792 किलोहर्ट्झवर लागतं आणि त्याचं प्रक्षेपण हडपसरहून होतं. तिथून साताऱ्यापर्यंत सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर. वाटेत दिवे घाट, पुरंदरचा किल्ला, नीरेचं खोरं, खंबाटकीची रांग. हे सगळं ओलांडून ती लहर तुमच्या टेबलापर्यंत आलेली आहे. सेट बंद असतानाही आलेली आहे. तुमच्या अंगातून, भिंतीतून, पाण्याच्या माठावरून ती आत्ता जाते आहे.

लहर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फार तर पुरुषभर उंचीचं काही तरी येतं. 792 किलोहर्ट्झची एक लहर सुमारे 379 मीटर लांब असते. तुमचं घर, शेजारचं घर, कोपऱ्यावरचं किराणा दुकान आणि पलीकडची अर्धी आळी त्या एका लहरीत मावते. पुरंदरचा डोंगर तिला थांबवू शकत नाही. ती जमिनीला धरून चालते, उंचवट्याला वळसा घालते आणि पुढे सरकते. वाटेत जमीन तिची शक्ती शोषत राहते. कोरड्या, खडकाळ जमिनीत हा तोटा जास्त, ओल्या जमिनीत कमी. समुद्रावरून ती सगळ्यात सुखाने जाते, कारण खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. किनाऱ्यापासून दूर गेलेल्या होडीवर एफएम संपतं तेव्हाही मध्यम लहरींवर वादळाचा इशारा ऐकू येऊ शकतो, तो यामुळे.

लहरीच्या या येण्यावर विश्वास बसत नसेल तर क्रिस्टल सेटचा विचार करा. त्यात सेल नसतो, विजेची जोडणी नसते. एक लांब तार, एक कॉइल, गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा तुकडा आणि कानाला लावायचा हेडफोन. हेडफोनमधली पातळ चकती हलवणारी सगळी ताकद दूरच्या मनोऱ्यातून निघून हवेतून आलेली असते, तिच्यात आपली भर काहीच नसते. गॅलेनाच्या अशा डिटेक्टरचं अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना 1904 मध्ये मिळालं. आकाशातून आलेल्या तेवढ्याशा शक्तीवर माणसाचं बोलणं समजतं, ही गोष्ट क्षणभर मनात घोळू द्या. मग पुढे जाऊ.

आता सेट चालू करा. बटण एमडब्ल्यूवर, म्हणजे मध्यम लहरींवर ठेवा आणि काटा अशा जागी न्या जिथे कुठलंच स्टेशन नाही. आवाज थोडा वाढवा. एरवी आपण इथून चटकन निघून जातो. आज इथेच थांबायचं आहे. ही खरखर कान देऊन ऐका.

थोड्या वेळाने लक्षात येईल की ती एकच नाही. खाली एक एकसारखी सूं आहे. तिच्यात सेटचा स्वतःचा आवाज आहे आणि जगभर कुठे ना कुठे सतत पडणाऱ्या विजांचा एकवटलेला आवाजही आहे. मध्येच एखादा कडाका येतो, तो जवळच्या ढगातला. मे महिन्यात वळवाचे ढग जमू लागले की आपल्या डोक्यावर ऊन असतानाही मध्यम लहरींवर हे कडाके सुरू होतात. तिसरी आहे ती भुणभुण. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 फेऱ्या करते आणि दर फेरीत दोनदा शिखर गाठते, म्हणून पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, बोर्डातला सैल झालेला जोड किंवा खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर यांची भुणभुण सेकंदाला शंभर ठोक्यांची असते. आणि चौथी आहे ती किर्र. काटा सावकाश सरकवत गेलात तर ती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा भेटते. ती मोबाइलच्या चार्जरची, एलईडी दिव्याची, वायफायच्या अडॅप्टरची. या सगळ्यांच्या पोटात विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडला-जोडला जातो. प्रत्येक तोडण्यातून एक छोटी लहर सुटते, आणि तिच्या दुपटीच्या, तिपटीच्या, दहापटीच्या कंपनांवरही सुटत राहते. चांगल्या बनावटीच्या वस्तूत ती आतच अडवलेली असते. स्वस्त दिव्यात अडवणारे दोन-चार भाग गाळलेले असतात आणि घरातली सगळी वायरिंग त्या किर्रची अँटेना होऊन बसते.

घरातल्यांना सांगा आणि मेन स्विच पाडा.

या एका मिनिटाइतकं महत्त्वाचं दुसरं काही या सगळ्या खटाटोपात नाही, असं माझं मत आहे. काटा जिथे होता तिथेच राहू द्या. ऐका. खरखर जेवढी उतरली तेवढी आपली स्वतःची होती. जी उरली ती आकाशाची, शेजाऱ्यांची आणि सेटची. बहुतेक घरांत उतरणारा भाग मोठा निघतो. आणि त्याच शांततेत काटा 792 वर नेला तर कालपर्यंत घोगरं, दूर, बुडल्यासारखं वाटणारं केंद्र समोर येऊन बोलायला लागतं. हडपसरमध्ये कोणी काही वाढवलेलं नाही. आपण मधून बाजूला झालो, एवढंच.

या शांततेत थोडं बसून राहा. मराठी घरांनी हा अनुभव पूर्वी घेतलेला आहे. 1955 च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, गदिमांची 56 गीतं, आठवड्याला एक याप्रमाणे. ती ऐकायला माणसं सेटभोवती दाटीने बसत. त्या घरांत काय होतं याचा विचार करा. पिवळे बल्ब होते, आणि तापलेल्या तारेचा बल्ब रेडिओच्या लहरी सोडत नाही. चार्जर नव्हते. पुष्कळ घरांत तर वीजच नव्हती. सेटला मात्र तांब्याच्या जाळीची लांब पट्टी खोलीभर ताणलेली असे नाही तर छपरावर तार. आपण आज नेमकं उलट करून बसलो आहोत: अँटेना बोटभर झाली आणि घरातला गोंगाट शंभर ठिकाणांहून उठू लागला. मग दोष स्टेशनला देतो, की आजकाल रेडिओ लागतच नाही.

मेन स्विच पुन्हा वर करा आणि एकेक वस्तू चालू करत जा. हे सावकाश करण्यात एक समाधान आहे. बैठकीतला दिवा: काही नाही. स्वयंपाकघरातला: किंचित. जिन्यातला: किर्र! तो दिवा बदला, दुसऱ्या बनावटीचा आणून पाहा. चार्जर काम झालं की सॉकेटमधून काढून ठेवा. जी वस्तू बंद ठेवता येत नाही तिच्या वायरीवर, वस्तूच्या अगदी जवळ, फेराइटची क्लिप बसवा, शक्य असेल तर वायरीचे दोन-तीन वेढे तिच्यातून काढा. पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती सहज मिळते. अँटेनाच्या बूस्टरवर सुरुवातीलाच पैसे घालू नका. तो स्टेशन मोठं करतो तेवढीच खरखरही मोठी करतो, आणि आपल्याला हवं आहे ते दोघांमधलं अंतर.

आता एक गोष्ट मनात नीट बसवून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चार्जरसारख्या लहान वस्तूभोवतीचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. अर्ध्या मीटरवरचा सेट एक मीटरवर नेला तर त्याचा उपद्रव आठव्या हिश्श्यावर येतो. वायरिंगमधून पसरणारा त्रास इतक्या झपाट्याने घटत नाही, तरी घटतो. हडपसर मात्र नव्वद किलोमीटरवर आहे, तुम्ही एक पाऊल सरकलात काय आणि चार सरकलात काय, त्याला फरक पडत नाही. जवळचा गोंगाट पावलागणिक बदलतो, दूरचा आवाज जागच्या जागी असतो. म्हणून सेट हातात घेऊन घरभर हिंडा. टीव्हीपासून दूर जा, फ्रिजच्या मागून बाहेर या, बोर्ड नसलेल्या भिंतीजवळ उभे राहा. आरसीसीच्या इमारतीत स्लॅबमधल्या सळयांची जाळी लहरींना आत येऊ देत नाही, तिथे खिडकीची कड गाठा. घरात एक जागा अशी सापडतेच. ती सापडली की रेडिओ तिथे ठेवा, कपाट हलवावं लागलं तरी.

जागा ठरली, आता दिशा. सेट टेबलावर उभा ठेवा आणि सावकाश फिरवा, अगदी घड्याळाच्या काट्याइतक्या धीराने. आतमध्ये, सहसा वरच्या कडेला आडवी, करंगळीएवढी जाड काळी कांडी असते. ती फेराइट रॉड, मध्यम लहरींची खरी अँटेना. वर खेचायची चकचकीत दांडी एफएम आणि लघुलहरींसाठी असते, एमडब्ल्यूला तिचा उपयोग नाही. रॉडवर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात आणि लहरीच्या चुंबकीय रेषा तो स्वतःत गोळा करतो. रॉडची लांब बाजू स्टेशनकडे असली की आवाज सर्वांत जास्त, टोक स्टेशनकडे झालं की सर्वांत कमी. साताऱ्याहून हडपसर जवळपास सरळ उत्तरेला आहे, तेव्हा रॉड पूर्व-पश्चिम हवा.

फिरवताना काय होतं ते लक्ष देऊन ऐका. जास्तीत जास्त आवाजाची दिशा बोटाने दाखवता येत नाही. ऐन दिशेपासून तीस अंश ढळलात तरी 87 टक्के उरतं, साठ अंश ढळलात तर निम्मं. पण टोकाच्या दिशेला आवाज एकदम नाहीसा होतो, आणि ती दिशा अगदी अरुंद असते. दोन बोटं इकडेतिकडे झाली की गेली. या दोन्हींचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. स्टेशन ऐकण्यासाठी सेट नेमका रोखण्याची गरज नाही, त्याच्यासाठी भरपूर सवड आहे. नेमकेपणा लागतो तो नको असलेल्या आवाजाला गाळण्यासाठी. शेजारच्या इमारतीतून भुणभुण येते आहे ना, मग रॉडचं टोक तिच्याकडे करा, अगदी बारकाईने, ती बुडेपर्यंत. स्टेशन थोडं कमी होईल, ते सहन होतं. गोंगाट आणि स्टेशन दोन्ही एकाच दिशेला असले तर मात्र हा उपाय चालत नाही, जागाच बदलावी लागते.

स्टेशन लागलं की मागची खरखर आपोआप खाली बसते, हेही तुम्हाला जाणवलं असेल. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते तसं सेटचं आहे: आत येणारी लहर क्षीण असली की तो आपली वाढवण्याची शक्ती ताणतो आणि तिच्याबरोबर खरखर वर येते, लहर दमदार आली की तो ती शक्ती आवरून घेतो. तेव्हा आवाज किती मोठा आहे यावरून पारख करू नका. बोलणाऱ्याने दोन वाक्यांमध्ये श्वास घेतला, त्या फटीत किती शांतता आहे ते ऐका.

घराचं इथवर पुरे. आता गाळ्यावर जाऊ.

औद्योगिक वसाहतीतली शेड डोळ्यांपुढे आणा. लोखंडी खांब, लोखंडी कैच्या, वर पत्रा, बाजूंना पत्रा, पुढे शटर. लेथ, मिलिंग, कोपऱ्यात वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर, कॉम्प्रेसर, हँडग्राइंडर. मीही असाच एक गाळा चालवतो, आणि दिवसभर लेथवर उभं राहणाऱ्याला रेडिओ काय असतो हे मला कोणी सांगायला नको. मुंबई केंद्रावरचा कामगार सभा हा कार्यक्रम ऐकत कारखान्यांतल्या माणसांच्या पिढ्या जेवल्या. हात गुंतलेले आणि डोळे टूलच्या टोकावर असताना जगाशी जोडलेली एकच वाट मोकळी असते, ती कानाची. म्हणून गाळ्यातला रेडिओ नीट लागावा यासाठी केलेले कष्ट मला फुकट वाटत नाहीत.

या शेडमध्ये उभे राहून स्वतःला विचारा: लहर आत कुठून येईल? मायकेल फॅरडे यांनी 1836 मध्ये धातूने मढवलेल्या खोलीत बाहेरच्या विजेचा प्रभाव पोचत नाही हे दाखवलं. आपली शेड ही तशीच खोली आहे, फक्त तिला दार आणि खिडक्या आहेत. पण 379 मीटरच्या लहरीपुढे बारा फुटी शटर म्हणजे काहीच नाही. ती उघड्या शटरमधूनही आत फारशी शिरत नाही. दोन पावलं बाहेर सेट खणखणीत वाजतो आणि आत आणला की विझतो, तो याचमुळे. सेटमध्ये काही बिघडलेलं नसतं.

एफएमचं निराळं. तिथे एका लहरीची लांबी साधारण तीन मीटर, म्हणजे शटरच्या, खिडकीच्या मापाची. ती आत येते. छपरात उजेडासाठी जे फायबरचे पारदर्शक पत्रे टाकलेले असतात त्यांतूनही उतरते, कारण फायबर लहरीला अडवत नाही. आत आल्यावर मात्र ती पत्र्यांवरून, कैच्यांवरून, मशीनच्या बॉडीवरून परतत राहते आणि सरळ आलेल्या व परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. काही जागी त्या एकमेकींना धरतात, काही जागी खोडतात. त्या जागा पाऊण मीटरच्या अंतराने आलटून पालटून असू शकतात. म्हणून सेट फळीवरून हातभर सरकवला की फाटका आवाज स्वच्छ होतो, आणि समोरून ट्रॉली गेली की पुन्हा फाटतो. फायबरच्या पत्र्याखालची किंवा शटरजवळची फळी निवडा. दांडी पूर्ण ताणा, मग आडवी करून पाहा, तिरकी करून पाहा. स्टिरिओचं बटण असेल तर मोनोवर टाका, खरखर लगेच खाली येते, आणि लेथच्या आवाजात डावं-उजवं कळत तरी कुठे? एफएमला डोंगर मात्र आडवे येतात. ती सरळ रेषेत चालते, मध्यम लहरीसारखी जमीन धरून वळत नाही. घाटाच्या कुशीत गाळा असेल तर ती मर्यादा मान्य करावी.

गाळ्यातल्या गोंगाटाचीही ओळख करून घ्या, घरात केली तशीच. इंडक्शन मोटर फिरत असताना रेडिओला त्रास देत नाही, तिच्यात ठिणगी नसते. लेथ चालवा आणि ऐका, फार तर स्टार्टर दाबताना टक् होईल. हँडग्राइंडर आणि हँडड्रिलमध्ये कार्बन ब्रश असतात, तिथे सतत ठिणग्या उडतात, ते चालू असेपर्यंत मध्यम लहरी विसरायच्या. झिजलेले ब्रश बदलले तर फरक पडतो. वेल्डिंगचा आर्क सगळ्या बँडवर पसरतो. वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवलेली मोटर ही माझ्या मते सर्वांत चिवट. तिची किर्र वायरिंग धरून शेडच्या टोकापर्यंत जाते, आणि तिच्यासाठी शील्डची केबल, नीट अर्थिंग आणि फिल्टर एवढं सगळं लागतं. ते काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

मग मध्यम लहरींचं काय? लहर आत येत नसेल तर तिला बाहेर गाठून वायरीवरून आत आणायची. दहा-पंधरा मीटर तार छपरापासून तीन-चार फूट वर, दोन्ही टोकांना चिनीमातीचे किंवा प्लास्टिकचे इन्सुलेटर लावून ताणा. पत्र्याला टेकू देऊ नका, पत्र्याला लगटूनही नेऊ नका. तिचं एक टोक इन्सुलेटेड वायरीने भिंतीतल्या भोकातून आत घ्या, सेटभोवती चार-पाच वेढे असे घाला की ते आतल्या रॉडभोवती फिरतील, आणि उरलेलं टोक जमिनीत ठोकलेल्या स्वतंत्र अर्थिंगच्या सळईला जोडा. सेट उघडायचा नाही, कुठे काही डागायचं नाही. तारेत आलेला क्षीण प्रवाह त्या वेढ्यांमधून जाताना रॉडला आपोआप कळतो. एफएमसाठी बाहेर 75-75 सेंटीमीटरच्या दोन हातांचा डायपोल लावा आणि डिशला वापरतात ती 75 ओहमची कोॲक्सियल केबल आत आणा. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून अँटेनाची तार कधीही नेऊ नका. ढग जमले की तार सेटपासून सोडवून थेट अर्थिंगला जोडून ठेवा. गडगडायला लागल्यावर हात लावायचा नाही, त्याआधीच.

घरी तार ताणायला जागा नसेल तर चौकट करा. हे काम मला स्वतःला सगळ्यात आवडतं. दोन फूट बाय दोन फुटांची लाकडी चौकट, तिच्या कडांवरून इनॅमल तारेचे बाराएक वेढे, मध्ये थोडं थोडं अंतर ठेवून, आणि दोन टोकांच्या मध्ये जुन्या वॉल्व्ह सेटमधला 500 पिकोफॅराडचा गँग कंडेन्सर. बस्स. त्याला वीज लागत नाही. चौकटीची कड स्टेशनकडे करा आणि सेट चौकटीजवळ असा ठेवा की आतला रॉड वेढ्यांच्या प्रतलाला काटकोनात राहील. सेटवर अंधुक स्टेशन लावा. आता गँगची दांडी दोन बोटांनी फिरवत जा, श्वास रोखल्यासारखी, अगदी हळू. एका जागी ते स्टेशन खरखरीतून वर येईल. सेट आणि चौकट यांच्यात एकही वायर जोडलेली नाही, हे पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. करंगळीएवढ्या रॉडच्या वाट्याला जे येत नव्हतं ते चार चौरस फुटांच्या वेढ्यांनी गोळा केलं आणि नुसत्या जवळिकीने त्याला दिलं.

रात्र झाली असेल तर हेच सगळं पुन्हा करून पाहा. दिवसा उन्हामुळे साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर विद्युतभारित होतो आणि वर जाणाऱ्या मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथून खाली परततात. एडवर्ड ॲपलटन यांनी 1924 मध्ये असा परावर्तक थर असल्याचं प्रयोगाने दाखवलं आणि 1947 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. याचा अर्थ असा, की रात्री कन्नड, गुजराती, कुठली कुठली केंद्रं साताऱ्यात उतरतात आणि जवळचं केंद्र कधी लाटेसारखं चढतं-उतरतं, कारण जमिनीवरून आलेली आणि आकाशातून परतलेली अशा दोन्ही लहरी एकमेकींत मिसळत असतात. त्या चढ-उताराला घरातला कोणताही उपाय लागू पडत नाही. ऐकत राहावं.

एक काम राहिलं. प्रक्षेपण केंद्रातल्या माणसाला स्वतःच्या मनोऱ्यातून किती शक्ती बाहेर पडते ते मीटरवर दिसतं, पण साताऱ्याच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये ते कसं ऐकू येतं हे त्याला कोणीतरी कळवल्याशिवाय कळत नाही. जगभरचे श्रोते यासाठी सिन्पो नावाची पाच अंकांची पद्धत वापरतात. लहरीचा जोर, दुसऱ्या स्टेशनांची ढवळाढवळ, खरखर, चढ-उतार आणि एकूण ऐकू येणं, या प्रत्येकाला एक ते पाच गुण, पाच म्हणजे उत्तम. तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, तुमचं गाव, सेट कोणता, अँटेना कशी आणि त्या वेळी कोणता कार्यक्रम चालू होता, एवढं लिहा आणि केंद्राला पाठवा. आकाशवाणी असे अहवाल तपासून श्रोत्यांना पुष्टीपत्रं देत आलेली आहे. स्टेशन नीट लागत असेल तरीही लिहा. मध्यम लहरींचे श्रोते अजून आहेत, हे तुमच्या पत्रातूनच केंद्राला समजणार आहे.